काकाचा आहेर

उन्मेष बेहेरेच्या घरात कप दोनच. एक रोजचा, आणि दुसरा हा फुटला तर असावा म्हणून. त्यामुळे शनिवारी सकाळी दादा, वहिनी, भार्गवी आणि जावई असे चौघेजण माळनाक्यावरच्या त्याच्या ब्लॉकमध्ये येणार म्हटल्यावर त्याला घाम फुटला तो विम्याच्या सर्व्हेअरमुळे नव्हे, चहामुळे. शेवटी शेजारच्या अक्षयाचं दार वाजवून त्याने कप मागितले.

"काय काका, आज पाहुणे?" तिने विचारलं.

"छे, पाहुणे कसले, घरचेच," तो म्हणाला. घरच्यांसाठी शेजाऱ्याकडे कप मागतोय हे मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो उगाचच हसला.

टेबलावर टॉवेल अंथरून त्याने कॅमेरा आणि लांब लेन्स मांडून ठेवली होती. शेजारी बिलं, पॉलिसी आणि मुंबईच्या दुरुस्तीवाल्याचा 'इलाज नाही' असा शेरा. खाऱ्या पाण्याने आतलं सगळं खाल्लं होतं. बटणांच्या फटीत पांढरी खार अजून दिसत होती. पुसली की दुसऱ्या दिवशी परत वर यायची. ही लेन्स त्याने कोकणच्या दमट हवेत किती जपली होती! कपाटात कायम झिरोचा बल्ब पेटता ठेवायचा, का तर काचेला बुरशी लागू नये. स्वतःच्या खोलीला ओल आली तरी ह्याचं लक्ष नाही, लेन्सचं कपाट मात्र उबदार पाहिजे. आणि गेली कशी, तर भार्गवीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, जयगडच्या फेरीबोटीवर चढताना. नवरानवरीचा खाडीसकट फोटो यावा म्हणून हा उलट्या पावलांनी उतरणीवर चालत होता. शेवाळावर पाय सरकला आणि गळ्यातल्या कॅमेऱ्यासकट गडी पाण्यात. त्याला काही झालं नाही. सगळे हसले, तोही हसला.

विमा होता, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. भार्गवीनेच मागे लागून काढायला लावला होता. हौशी माणसाच्या कॅमेऱ्याचा विमा. पडला, फुटला, भिजला, चोरीला गेला तर भरपाई. अट एकच, कॅमेरा कमाईला लावायचा नाही. आता ज्या माणसाने जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केली आणि रविवारी खाडीवर जाऊन धनेश नि समुद्री गरुडांचे फोटो काढले, तो कुठली कमाई करणार? पण सर्व्हेअरने फोनवर विचारलं, "लग्नात फोटो काढण्याचे काही मिळाले होते का?" आणि ह्या हरिश्चंद्राच्या अवताराने सांगितलं, "हो, वहिनींनी पाकीट दिलं होतं. फोटोचे म्हणून."

झालं. खरं बोलायची ही खोड सबंध बेहेरे कुळात ह्या एकट्यालाच कुठून लागली देव जाणे. भार्गवीला कळलं तेव्हा तिने फोनवरच कपाळ बडवून घेतलं आणि सगळ्यांना गोळा केलं.

*

"किती हे जिने रे उन्म्या! लिफ्ट बसवा की मेल्यांनो," म्हणत श्रीपतीदादा आत आला तो थेट घरातल्या एकमेव खुर्चीवर बसला. मागून दमयंतीवहिनी, हातात सरबतासाठी कोकमाच्या आगळाची बाटली. त्यामागे भार्गवी आणि तिचा नवरा वेद. वेदने बसायला जागा शोधली आणि खिडकीच्या कट्ट्यावर टेकला.

"काका, नीट ऐक," भार्गवीने चपला काढता काढता सुरुवात केली. "तो माणूस आला की तू एक शब्द बोलायचा नाहीस. ते पाकीट आहेर होता. काकाला पुतणीच्या लग्नातला आहेर. बास. आई सांगेल तसं, बाबा सांगतील, आणि सही करतील."

"पण वहिनी म्हणाल्या होत्या की..."

"आई काय म्हणाली ते विसर!"

"मला विचाराल तर," श्रीपतीने पाय लांब केले, "हा सगळा व्यापच कशाला? एवढं महागडं खेळणं मुळात घ्यावं कशाला माणसाने? हल्ली मोबाईलवर काय सुरेख फोटो निघतात."

"तुमच्या साठीशांतीचे फोटो मोबाईलवर काढले होते का बाबा? आजीचा शेवटचा चांगला फोटो, जो हार घालून भिंतीवर लावलात, तो कोणी काढला?" भार्गवीने विचारलं.

"अगो, मी कुठे नाही म्हणतोय?"

"आणि बाबा, नुसतं काकांच्या भरपाईचं नाही," वेद हळूच म्हणाला. "आपण आहेर होता असं सांगितलं नाही, तर कागदावर असं राहील की बेहेऱ्यांनी सख्ख्या भावाला पैसे देऊन लग्नात कामाला लावलं."

हे मात्र श्रीपतीला बरोब्बर लागलं. पाय आपोआप जवळ आले. "छ्या! म्हणजे काय? भाऊ आहे माझा तो. घरच्याला कोणी मजुरी देतं काय? दमयंती, आहेरच होता ना तो?"

दमयंतीने पदर खोचला. "चहा टाकते मी," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

"बघ, आई पण हो म्हणाली," भार्गवी म्हणाली. आई काहीच म्हणाली नव्हती, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिचं लक्ष काकाच्या हातांकडे होतं. कधी टॉवेलाची घडी सारखी कर, कधी बिलं उचलून परत ठेव. संक्रांतीला तिच्या पहिल्या सणाला तो आला होता, कॅमेऱ्याशिवाय पहिल्यांदाच. बायका हलव्याचे दागिने बघायला तिच्याभोवती गराडा घालून होत्या आणि हा दाराच्या चौकटीत, हात कुठे ठेवायचे ते न कळून. एकदा मागे बांधले, एकदा पुढे. कोणीतरी विचारलं, हे कोण? मग हातावर तिळगूळ घेतला आणि गेला. एरवी शंभर माणसांत तो कसा मोकळा वावरायचा, 'इकडे बघा हां, मामी, हसा वायच!' कॅमेरा हातात असला की लग्न का नाही केलंस, एकटा कसा राहतोस, जेवायला काय करतोस, कोणी विचारत नसे. तिला त्या दिवशी कळलं की तो कॅमेरा म्हणजे काकाची कार्यातली हक्काची जागा होती, आणि ती जागा खाडीत गेली. म्हणून हा क्लेम व्हायलाच पाहिजे होता, मग थोडं इकडचं तिकडे झालं तरी चालेल.

*

स्वयंपाकघरात एक पातेलं, एक कढई, एक ताट. पाटावर एकाच माणसाचा कुकर. दमयंतीने आधण ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिली.

आहेर! नेमका तोच शब्द.

तिची आहेराची पद्धत सगळ्या नात्यात नावाजलेली. लग्नाच्या आधी आठवडाभर ती एकेका जोडप्याची पिशवी भरून ठेवायची. साडी, खण, शर्टाचं कापड, नारळ, वर चिठ्ठी. विहिणी, मामा-मामी, चुलते, आते. विधवा बायकांच्या वेगळ्या, न विसरता. मंडपात पाटावर एकेक जोडी बसवायची, कुंकू लावायचं, पिशवी ओटीत द्यायची. भार्गवीच्या लग्नातही सगळं कसं बिनचूक झालं. सखाराममामांनी सगळ्यांदेखत म्हटलं, दमयंती, तुझ्या हातून माणूस सुटत नाही हो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वऱ्हाड जयगडला निघायच्या आधी, उन्मेषभावोजी तिच्याजवळ येऊन बसले. "वहिनी, बघा तरी, आहेराचे कसे आलेत." कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ते एकेक पुढे सरकवत होते. मामा-मामी. पुण्याचे दीर-जाऊ. एकूण एक जोडी, तिचा कुंकवाचा हात, हसरे चेहरे. "हा बघा, सखाराममामा कसे लाजलेत!" ती बघत गेली, बघत गेली, आणि एकाएकी तिच्या मनात आलं, ह्यांचा? ह्यांची पिशवी कुठली होती?

नव्हतीच. राहिली नव्हती, हरवली नव्हती. भरलीच नव्हती. जोडीजोडीने भरताना हा बिनजोडीचा माणूस तिच्या डोळ्यांपुढे एकदाही आला नाही. सख्खा धाकटा दीर. लग्न होऊन ती बेहेऱ्यांच्या घरात आली तेव्हा हाफपँटीत होता, तिच्या मागे मागे आगरात हिंडायचा. तो तिच्या समोर, दोन हातांवर उभा राहून सगळ्यांचे आहेर टिपत होता आणि तिला तो दिसला नाही.

तिला इतकी लाज वाटली की तिने पर्समधलं पाकीट काढून घाईघाईने त्याच्या हातावर ठेवलं. "भावोजी, हे असू दे." त्याने बघितलं, कशाचे? तेव्हा सरळ सांगायचं होतं. माफी मागायची होती. पण तोंडातून निघून गेलं, "फोटोचे म्हणून." त्याचा चेहरा कसा झाला तेही तिने बघितलं होतं. तासाभराने तो शेवाळावरून घसरला.

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला.

*

सर्व्हेअर खेडहून आला होता. ओमकार शिगवण, तिशीतला, घामाघूम. कोकम सरबत त्याने एका दमात संपवलं, कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा नंबर बिलाशी ताडून बघितला, फोटो घेतले.

"सामानाचं काही नाही साहेब. बिलं आहेत, नंबर जुळतात, नुकसान दिसतंच आहे. तुम्ही पॉलिसीत लेन्स वेगळी दाखवली ते बरं केलंत. लोक नुसता कॅमेरा दाखवतात आणि मग बसतात रडत. प्रश्न एवढाच, त्या दिवशी तुम्ही तिथे कोण म्हणून होतात? नातेवाईक म्हणून, का फोटोग्राफर म्हणून?"

"नातेवाईक म्हणून!" श्रीपती खुर्चीतून उठलाच. "अहो, सख्खा भाऊ माझा. आमची आई जाताना ह्याचा हात माझ्या हातात देऊन गेली. आमच्या घरात ह्याच्याशिवाय एक कार्य होत नाही."

"लहानपणी मला शाळेत काकाच सोडायचा," भार्गवी म्हणाली. "माझं कन्यादान सोडलं तर बाकी सगळं काकानेच केलंय. काका नसता तर लग्नात मजाच नव्हती."

"आम्हाला तर काका म्हणजे दुसरे सासरेच," वेदनेही पुस्ती जोडली.

उन्मेष ऐकत होता. सगळं विम्यासाठी चाललंय हे त्याला ठाऊक होतं, तो काही खुळा नव्हता. तरी बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत दादाने त्याच्याबद्दल त्याच्यासमोर एवढं बोललेलं त्याला आठवत नव्हतं. अजून थोडं बोलावं, असं वाटत होतं. सर्व्हेअरने अजून दोन प्रश्न विचारावेत.

"आणि ते पाकीट?" शिगवणने विचारलं.

"आहेर!" बाप-लेक एकदम म्हणाले.

"हे बघा, मी दाखवते ना." भार्गवीने उत्साहाने मोबाईल काढला. "आहेराचे सगळे फोटो आहेत. हे मामा, ह्या आत्या, हे..." बोट सरकत राहिलं. मग हळू झालं. मग थांबलं. "म्हणजे... काकाच काढत होता ना फोटो. त्यामुळे त्याचा नाहीये."

"बरोबर आहे," शिगवण म्हणाला, पण पेन काही उचललं नाही.

"भार्गवी, राहू दे गो," उन्मेष म्हणाला. इतका वेळ दाबून धरलेलं आता बाहेर आलं. "आहेर पाटावर बसवून देतात. कुंकू लावून देतात. मला वहिनींनी हातात पाकीट दिलं, जसं मांडववाल्याला दिलं, वाजंत्रीवाल्यांना दिलं. मला राग नाही. लागलं, खोटं कशाला बोलू? पण राग नाही. काम केलं, त्याचे दिले. मी काही चुकीचं सांगितलं नाही ह्यांना."

"उन्म्या, गप्प बस!"

"विसरले होते मी."

दमयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. तो तिने जमिनीवरच ठेवला.

"फोटोचे नव्हते ते. मी भावोजींचा आहेर विसरले होते. पिशवीच केली नव्हती त्यांची. दुसऱ्या दिवशी फोटो बघताना कळलं, आणि सांगायची लाज वाटली. म्हणून पाकीट दिलं आणि फोटोचे म्हटलं. तो आहेरच होता हो. उशिरा सुचलेला. लिहा तुम्ही, मी सही करते."

श्रीपतीने, "दमयंती!" म्हणून तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आपणही त्या मंडपातच उभे होतो, आपल्याला तरी कुठे आठवलं, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

शिगवणचा चेहरा मात्र एकदम मोकळा झाला. "मग प्रश्नच मिटला की काकू! विसरायला होतं, घरचं कार्य म्हटलं की घरचाच माणूस राहतो. असंच लिहून द्या, ते घरातले म्हणून हजर होते आणि रक्कम आहेराची होती. साहेबांची खाली सही. काम होऊन जाईल."

"झालं!" भार्गवीने टाळीच वाजवली. "काका, झालं! अरे, तुला कोणी मजूर नव्हतं समजलं. नुसते विसरले होते!"

नुसते विसरले होते. उन्मेषने वहिनीकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. म्हणजे खरंच.

तेव्हापासून रोज रात्री अंथरुणावर पडलं की तो त्या पाकिटावर चिडत आला होता. वहिनीने मला परकं केलं. पैसे टाकले माझ्या अंगावर. चिडायला काहीतरी होतं त्याच्याकडे. आणि चिडतानाही त्या पाकिटामागे त्याला वहिनी दिसायची, कालचे सगळे फोटो आठवून, कौतुक करून, आपल्यासाठी म्हणून मुद्दाम पैसे बाजूला ठेवणारी. आता त्यामागे कोणीच नव्हतं. आठवडाभर पिशव्या भरताना, मंडपात कुंकू लावताना, जेवणाच्या पंगतीत, कुठेच तो नव्हता.

"विसरलात?" त्याने विचारलं.

"हो भावोजी. चुकलंच माझं."

तो टेबलाशी बसला. शिगवणने पुढे केलेलं पेन घेतलं आणि टोपण लावून परत टेबलावर ठेवलं.

"तसं नाही लिहायचं," तो म्हणाला. "ते फोटोचे पैसे होते. फोनवर सांगितलं तेच लिहा."

"काका!"

"वेडबीड लागलंय काय तुला?" श्रीपती ओरडला. "समोर आलेली भरपाई लाथाडतोस? परत घेता येणार आहे हे सगळं तुझ्या पेन्शनमधून?"

"नाही येणार."

"मग?"

"साहेब, तुम्ही विचार करा," शिगवण चुळबुळला. "काकू स्वतः सांगतायत. मी असं लिहिलं तर क्लेम बसत नाही. एकदा गेलं की मग मी काही करू शकणार नाही."

"भावोजी, नका हो असं करू," दमयंती म्हणाली. "मला शिक्षा म्हणून करत असाल तर..."

"शिक्षा नाही वहिनी, शप्पथ." त्याने टॉवेलाची कड सरळ केली. "पैसे दिलेत तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून दिलेत. मला ते राहू दे."

भार्गवीने काकाचा दंड धरला होता तो सोडला. शिगवणने एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि तो कागदावर लिहू लागला. एका रकान्याशी थांबला.

"इथे आधी हौशी लिहिलंय. मग आता काय घालू?"

"फोटोग्राफर घाला," उन्मेष म्हणाला आणि सही केली.

*

चहा तसाच गार झाला. शिगवण गेला, मग श्रीपती तरातरा जिना उतरला. "डोकं फिरलंय ह्याचं, आमच्या आईचा लाडोबा," असं काहीतरी तो वेदला ऐकवत होता. भार्गवी रडत होती. तिने काकाच्या पाठीवरून हात फिरवला, पाडव्याला ये म्हणाली. तो हो म्हणाला. येणार नाही हे दोघांनाही कळलं होतं.

दमयंती एकटी मागे राहिली. पायात चप्पल घालून ती दारापर्यंत गेली आणि वळली. ती आयुष्यात जे काही खोटं बोलली असेल ते खाली बघून. ह्या वेळी तिने धाकट्या दिराच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"भावोजी, मघाशी मी जे बोलले ना, ते तुमचं काम व्हावं म्हणून. विसरले-बिसरले काही नव्हते मी. तुम्हाला कशी विसरेन? फोटोचेच दिले होते."

तो तिच्याकडे बघत राहिला. खालून श्रीपतीने गाडीचा हॉर्न वाजवला.

"मला वाटलंच होतं, वहिनी," उन्मेष म्हणाला. "जपून उतरा."

ती कठड्याला धरून उतरू लागली. ती खाली पोचेपर्यंत तो दारात उभा होता.